दुकानासमोरच्या डिझेलच्या धुराचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो? (वडिलांना स्टेंट बसवलेला आहे)

प्रश्न : संकेश्वरचा वहीवाला

नमस्कार. संकेश्वरात गडहिंग्लज रस्त्याच्या एका वळणावर आमचे वह्या-पुस्तके आणि झेरॉक्सचे दुकान आहे. समोर वडापच्या (प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी) गाड्या आणि बसगाड्या थांबतात, आणि प्रवासी भरेपर्यंत त्यांची इंजिने बहुधा सुरूच असतात. उसाचा हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस याच वळणावरून कारखान्याकडे जातात. भरलेल्या ट्रॉल्या वळणावर ओढताना चालक जो जोर लावतो, त्याचा काळा लोट सरळ दुकानात शिरतो. शिवाय शेजारच्या इमारतीतील एका आस्थापनेचा जनरेटर आमच्या सामाईक बोळात ठेवलेला आहे आणि वीज गेली की त्याचा धूर मागच्या खिडकीतून आत येतो.

ड्रॉइंग पेपरच्या गठ्ठ्यांवरून सकाळी फडके मारले तरी दुपारी बोट फिरवल्यास काळा, किंचित तेलकट थर बोटाला लागतो. झेरॉक्सची काच वेळेवर पुसली नाही तर प्रतीवर रेघा उमटतात आणि गिऱ्हाईक ती प्रत परत करते.

माझे वडील अण्णा अडुसष्ट वर्षांचे आहेत. काही वर्षांपूर्वी बेळगावात त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि हृदयाच्या धमनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी, बसवली. घरी बसून करमत नाही म्हणून ते दिवसभर गल्ल्यावर असतात. गेल्या हंगामापासून त्यांना कोरडा खोकला आहे. छातीचा एक्स-रे काढला, त्यात काही दोष निघाला नाही. माझी मुलगी चौथीत आहे, तीही शाळा सुटल्यावर दुकानातच अभ्यासाला बसते.

डिझेलच्या धुराने कर्करोग होतो असे वाचनात येते, तर दुसरीकडे सारी हयात ट्रकवर काढलेली माणसे ठणठणीत फिरताना दिसतात. त्यामुळे यातील खरे किती आणि भीती किती, हे जाणकारांनी सांगावे. अण्णांनी गल्ल्यावर बसावे की नाही आणि मास्क लावून काही उपयोग होतो का, हेही कळले तर फार बरे होईल.

---

प्रतिसाद : शरीरक्रिया_टिळकवाडी

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. रुग्ण तपासल्याविना सल्ला देण्याची माझी पद्धत नाही, म्हणून येथे फक्त या विषयात ठाऊक असलेले सांगतो. अण्णांविषयीचा निर्णय त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारून घ्यावा. तरीही एक गोष्ट आधीच नमूद करतो : आपण खोकल्याची आणि कर्करोगाची चिंता करत आहात, मला मात्र या साऱ्यात अण्णांच्या स्टेंटची चिंता अधिक वाटते.

प्रथम धूर म्हणजे काय ते पाहू. डिझेल इंजिनात हवा दाबून तापवली जाते आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडला जातो. फवाऱ्याच्या गाभ्याशी प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही, तेथे इंधन पुरते न जळता त्याची काजळी होते. या काजळीचे मूळ गोलक साधारण २० ते ३० नॅनोमीटरचे असतात आणि ते एकमेकांना चिकटून त्यांचे घोस बनतात. संख्येने पाहिले तर बहुतेक कण ०.१ मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात, आणि माणसाचा केस ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो. काजळीच्या पृष्ठभागावर न जळलेल्या इंधनाचे व वंगणाचे अंश चिकटतात आणि त्यांत बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगेही असतात.

आता आपल्या ड्रॉइंग पेपरवरील थराविषयी. तो मुख्यतः जाड कणांचा, म्हणजे रस्त्यावरील धूळ, टायरची झीज आणि काजळीचे मोठे घोस यांचा असतो, आणि जाड असल्यामुळेच तो खाली बसतो. नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव अशा जाड कणांना बऱ्याच अंशी अडवतात. खरा उपद्रवी भाग कागदावर बसतच नाही. तो तासन्‌तास हवेत तरंगत राहतो आणि श्वासावाटे फुफ्फुसांच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातो. तेथे कचरा वर ढकलणारे सूक्ष्म केस नसतात, म्हणून सफाईचे काम करणाऱ्या पेशी हे कण गिळतात आणि त्या प्रयत्नात दाह निर्माण करणारी रसायने सोडतात. ती रसायने रक्तात उतरतात. अतिसूक्ष्म कणांपैकी थोडे स्वतःही रक्तात जातात. बेल्जियममधील संशोधकांना २०१९ साली गर्भवतींच्या वारेच्या (प्लॅसेंटाच्या) गर्भाकडील बाजूसही काळ्या कार्बनचे कण आढळले होते.

हृदयाचा संबंध येतो तो येथे. २००७ साली एडिंबरा आणि स्वीडनमधील उमिओ येथील संशोधकांनी पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, परंतु प्रकृती स्थिर असलेल्या २० पुरुषांना एक तास सौम्य केलेल्या डिझेल धुरात ठेवले. दर घनमीटर हवेत ३०० मायक्रोग्रॅम कण होते. त्यांना थोडा व्यायाम आणि थोडी विश्रांती आलटून पालटून दिली आणि तोच प्रयोग गाळलेल्या शुद्ध हवेतही केला. व्यायामाच्या वेळी हृदयस्नायूला रक्त कमी पडल्याची जी खूण ईसीजीत दिसते, ती धुरात स्पष्टपणे वाढली. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या द्रव्याचे शरीरातील स्रवणही त्यानंतर कमी झालेले आढळले. गर्दीच्या रस्त्यावर धुराच्या लोटाजवळ अशी पातळी थोडा वेळ सहज येऊ शकते. ज्याच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या आहेत आणि ज्याच्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या चालू आहेत, अशा माणसाला हे दोन्ही परिणाम परवडणारे नाहीत.

कर्करोगाबद्दलही शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेल इंजिनाच्या धुराला १९८८ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले होते आणि जून २०१२ मध्ये तो निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातला. या निर्णयामागे अमेरिकेतील आठ खाणींतल्या बारा हजारांहून अधिक कामगारांचा अभ्यास होता. धुराशी सर्वाधिक संबंध आलेल्या कामगारांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट आढळला. परंतु ते लोक जमिनीखाली, बंदिस्त जागेत, वर्षानुवर्षे डिझेल यंत्रांबरोबर काम करत होते. रस्त्याकडेच्या दुकानदाराच्या वाट्याला येणारी मात्रा त्याहून पुष्कळ कमी असते. ती शून्य नसते आणि वर्षांगणिक साठत जाते, हे मात्र लक्षात ठेवावे. ट्रकवर हयात काढलेली ठणठणीत माणसे दिसतात कारण जी आजारी पडली ती रस्त्यावर दिसत नाहीत.

मुलीला दुकानात बसवू नये, असे मी स्पष्ट सांगेन. दक्षिण कॅलिफोर्नियात १० ते १८ वर्षे वयाच्या मुलांची फुफ्फुसे वर्षानुवर्षे मोजली गेली. त्यात मोठ्या महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांची फुफ्फुसवाढ दीड किलोमीटरपलीकडे राहणाऱ्यांपेक्षा कमी भरली. या वयात जी वाढ होत नाही ती पुढे भरून काढता येत नाही.

खोकल्यासाठी एक्स-रेपेक्षा स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून श्वासाचा वेग मोजण्याची चाचणी अधिक उपयोगी ठरेल. धुराने श्वासनलिका आकसल्या असतील तर एक्स-रे बहुधा स्वच्छच दिसतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही कोरडा खोकला होतो, म्हणून गोळ्यांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवावी. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये.

---

प्रतिसाद : नोझलवाला, निपाणी

सरांनी शरीराच्या बाजूने सांगितले, मी इंजिनाच्या बाजूने सांगतो. निपाणीत माझे डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचे काम आहे. तवंदी घाट चढून आलेल्या गाड्या रोज दारात असतात, त्यामुळे धूर पाहून आजार ओळखण्याची सवय झाली आहे.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. बहुतेक वेळा एअर क्लीनर चोंदलेला असतो, नाहीतर नोझल झिजून फवाऱ्याऐवजी धार सोडत असते, किंवा इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या टर्बोची नळी फुटलेली असते. निळसर धूर असेल तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ येतो, पण तो थांबत नसेल तर काहीतरी गंभीर आहे.

उसाच्या ट्रॅक्टरांबाबत एक गोष्ट उघडपणे लिहितो. हंगामापूर्वी कित्येक जण ‘पंप वाढवून द्या’ म्हणून येतात. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलची मात्रा वाढवली की दोन ट्रॉल्या ओढायला जोर मिळतो, पण हवा तेवढीच राहते, त्यामुळे जास्तीचे डिझेल काजळी होऊन बाहेर पडते. मालकाच्या खिशातून डिझेल जाते, इंजिन तापते आणि वळणावरच्या दुकानदाराला धूर मिळतो. मी हे काम करून देत नाही, पण दुसरीकडे ते होते. त्यातच आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीच्या आतले आहेत. १ जानेवारी २०२३ पासून धुराचे जे कडक मानक लागू झाले ते ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना आहे.

बस, ट्रक आणि जीपगाड्यांची गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (भारत स्टेज-६, गाड्यांच्या धुरावरील मानक) आल्यावर डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले, धुराच्या वाटेत डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी बसू लागली आणि कणांच्या वजनाबरोबर संख्येवरही मर्यादा आली. डिझेल मोटारीला पूर्वी किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, ती आता साडेचार मिलिग्रॅम आहे. नव्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये पांढरा रुमाल धरला तरी तो फारसा काळा होत नाही. परंतु साठलेली काजळी जाळून जाळी मोकळी होण्यासाठी गाडी लांब आणि सलग चालावी लागते. संकेश्वर ते गडहिंग्लज अशा थांबत-थांबत फेऱ्या मारणाऱ्या गाडीची जाळी चोंदते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग कोणीतरी सल्ला देतो की जाळी फोडून पोकळ करून टाक. ट्रकवाल्यांत धुरातील नायट्रोजनचे वायू कमी करण्यासाठी लागणारी युरियाची टाकी चुकवण्यासाठी सर्किट बसवण्याचाही प्रकार आहे. अशी गाडी कागदावर बीएस-६ आणि सायलेन्सरला बीएस-३ असते.

पीयूसीबद्दल लोकांचा गैरसमज आहे. डिझेल गाडीच्या तपासणीत उभ्या गाडीचा अॅक्सिलरेटर दाबून धूर किती अपारदर्शक आहे एवढेच पाहतात. बारीक कण प्रकाश फारसा अडवतच नाहीत, त्यामुळे पास झालेली गाडी निर्धोक असते असे नव्हे. आणि भरलेल्या ट्रॉलीसह चढावर जो धूर निघतो तो उभ्या गाडीच्या चाचणीत कधीच दिसत नाही.

---

प्रतिसाद : खानापूरकर

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी थोडे तारतम्य हवे असे वाटते. आमच्या आईने सारे आयुष्य चुलीपुढे काढले, खानापूर तालुक्यात अजूनही पावसाळ्यात ओली लाकडे फुंकणारी घरे आहेत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत पिढ्यान्‌पिढ्या बायांनी तंबाखूची धूळ गिळली. त्या धुराबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही आणि रस्त्यावर दहा मिनिटे थांबणाऱ्या बसचा मात्र एवढा बाऊ होतो. डिझेलचा धूर चुलीच्या धुरापेक्षा खरोखर वाईट आहे का? दुसरे असे की उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणारी आमची मंडळी पाळी संपली की गुळाचा खडा खातात, त्याने छातीतली धूळ सुटते असा त्यांचा अनुभव आहे. त्यात तथ्य किती?

---

प्रतिसाद : शरीरक्रिया_टिळकवाडी

खानापूरकर, चुलीच्या धुराबद्दल कोणी बोलले नाही ही आपली तक्रार मला पूर्ण मान्य आहे. आपल्या देशात विडी-सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियांना दम्यासारखा जो कायमचा श्वासरोग होतो त्यामागे चूल हे मोठे कारण आहे, आणि लाकूडफाट्याच्या घरगुती धुराला त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलेले आहे. बंद स्वयंपाकघरात चुलीपुढे बसलेल्या बाईच्या श्वासात जाणाऱ्या कणांचे वजन रस्त्याकडेच्या दुकानदाराच्या तुलनेत कित्येकदा अधिकच असते. परंतु एका धुराने दुसरा धूर माफ होत नाही. ज्या स्त्रीने तीस वर्षे चूल फुंकली तिचीच फुफ्फुसे पुढे रस्त्याकडेला भाजी विकताना डिझेलचा धूर घेतात, आणि शरीर दोन्हींची बेरीज करते.

गुळाबद्दल मात्र आपण थट्टेत विचारले असले तरी उत्तर गंभीर आहे. लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्रातील संशोधकांनी १९९४ साली उंदरांच्या फुफ्फुसांत कोळशाची व सिलिकाची धूळ सोडून काहींना गूळ दिला. गूळ दिलेल्या उंदरांत धूळ फुफ्फुसांतून लसिका ग्रंथींकडे अधिक सरकलेली आढळली. म्हणजे कामगारांच्या समजुतीची कोणीतरी दखल घेतली. परंतु उंदरांवरून माणसांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, आणि मधुमेही माणसाने तर या आशेवर गुळाचा खडा तोंडात टाकू नये. आपल्या गुऱ्हाळाचा गूळ चवीसाठी खावा.

---

प्रतिसाद : संकेश्वरचा वहीवाला

सर, नोझलवाले दादा, आपण एवढ्या तपशिलाने लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे. अण्णांना सरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. कर्करोगाचे ऐकून ते हसले, पण स्टेंटमधल्या गुठळीचे ऐकल्यावर गप्प झाले.

मास्कचा मुद्दा राहिला आहे. शिवाय दुकानासाठी हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे, दाराशी मनी प्लँट आणि तुळस ठेवावी असेही सल्ले मिळाले आहेत. जनरेटरच्या मालकांशी बोललो, तर ‘तासाभराचाच प्रश्न असतो’ असे उत्तर मिळाले. शेजारधर्म मोडायचा नाही, त्यामुळे काय मागणी करावी तेच कळत नाही. अण्णा सकाळी महामार्गाच्या सर्व्हिस रोडने रोज फिरायला जातात, डॉक्टरांनीच चालायला सांगितले आहे. तेही थांबवावे का?

---

प्रतिसाद : सेफ्टी_मच्छे

जनरेटरबद्दल मी सांगतो. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सुरक्षेचे काम पाहतो, हा माझा रोजचा विषय आहे.

‘धूर येतो, बंद करा’ अशी मागणी केली तर वाद होईल. ‘धुराची नळी वर न्या’ अशी मागणी करा, कारण त्यासाठी नियमाचा आधार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रानुसार नळीचे तोंड जेथे जनरेटर आहे त्या इमारतीच्या उंचीपेक्षा वर असावे लागते, आणि किती वर ते त्याच्या केव्हीएच्या (जनरेटरच्या क्षमतेच्या आकड्याच्या) वर्गमुळाला ०.२ ने गुणून मीटरमध्ये येते. जनरेटर २५ केव्हीएचा असेल तर वर्गमूळ ५, म्हणजे इमारतीच्या माथ्यापासून आणखी एक मीटर. बोळात खिडकीच्या उंचीवर तोंड ठेवणे या सूत्रात कोठेच बसत नाही. लोखंडी नळी, दोन कोपरे आणि वर पावसाची टोपी एवढेच काम आहे, फॅब्रिकेशनवाला एका दिवसात करून देतो. खर्चात थोडा वाटा उचलण्याची तयारी दाखवलीत तर शेजारधर्मही टिकेल.

तोपर्यंत जनरेटर सुरू असताना मागची खिडकी बंद ठेवा. काजळीखेरीज त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कित्येक पटींनी घट्ट धरतो. हृदयरुग्णाला त्याची थोडी मात्राही जड जाते. वीज गेल्यावर डोके दुखणे, मळमळणे असे कोणाला होत असेल तर दोन्ही गोष्टींचा संबंध लावून पाहा.

बोलून भागले नाही तर नगरपालिकेकडे आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयाकडे लेखी अर्ज द्यावा. अर्ज कन्नडमध्ये टंकून आणि नळीचा फोटो जोडून दिल्यास तो टेबलावरून लवकर हलतो, एवढे अनुभवाने सांगतो.

---

प्रतिसाद : नोझलवाला, निपाणी

वडापवाल्यांशी बोलताना आरोग्याचा विषय काढू नका, डिझेलचा काढा. उभ्या गाडीचे इंजिन तासभर चालू राहिले तर किती डिझेल जळते याचा हिशेब त्यांना चांगला कळतो. जुनी गाडी पुन्हा सुरू करताना त्रास देते म्हणून ते इंजिन बंद करत नाहीत, म्हणजे बॅटरी किंवा स्टार्टर कमजोर असतो. ते दुरुस्त केले की चालक आपणहून चावी फिरवतो. थांबा वळणापासून थोडा पुढे सरकवून घेता आला तर आणखी चांगले, कारण गाडी जागची हलताना जो पहिला लोट येतो तोच सर्वांत दाट असतो.

---

प्रतिसाद : शरीरक्रिया_टिळकवाडी

राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे देतो.

एन-९५ मास्क सूक्ष्म कण खरोखर अडवतो. साधारण ०.३ मायक्रोमीटरचे कण गाळणीतून निसटण्यास सर्वांत सोपे, आणि त्या आकाराचेही ९५ टक्के कण तो रोखतो. त्याहून बारीक कण स्वैर हालचालीमुळे धाग्यांवर आदळून अडकतात, त्यामुळे ‘बारीक कण मास्कमधून जातात’ ही समजूत चुकीची आहे. अट एकच की तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. अण्णांना दाढी असेल तर हवा कडेने शिरते. नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड असे वायू मात्र तो अडवत नाही, आणि दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलत मास्क लावून बसणे कोणालाच जमत नाही. म्हणून ट्रॅक्टरांची रांग लागते तेवढ्या वेळेपुरता तो वापरावा. उपरणे किंवा कापडी मास्क या कामाचा नाही.

हवा शुद्ध करणारे यंत्र बंद खोलीत उपयोगी पडते. शटर उघडे असलेल्या दुकानात त्यावर केलेला खर्च म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. तुळस आणि मनी प्लँट अवश्य ठेवावेत, पण धुरासाठी त्यांच्यावर विसंबू नये.

सर्वांत स्वस्त उपाय अंतराचा आहे. वाहनांच्या रस्त्यापासून दूर जाऊ लागले की अतिसूक्ष्म कणांची संख्या झपाट्याने घटते. लॉस एंजेलिसमधील मोजमापांत साधारण ३०० मीटरवर ती आसपासच्या हवेइतकी झाली होती. दुकानात ३०० मीटर कोठून आणणार, हे खरे. पण सुरुवातीचे काही मीटरच सर्वांत मोलाचे असतात. गल्ला शटरजवळून उचलून आतल्या भिंतीला नेला आणि दर्शनी भागात काचेचे तावदान बसवून फक्त व्यवहारापुरती खिडकी ठेवली, तर लोट सरळ तोंडावर येणार नाही. अर्थात जनरेटरची नळी वर गेल्यानंतरच हे करावे, नाहीतर पुढचा धूर टाळून मागचा पदरी पडेल. वेळेचाही विचार करावा. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड राहते, वरची उबदार असते, आणि धूर वर न जाता रस्त्यावरच पसरून राहतो. ऊन वर आल्यावर तो विरतो. हंगामाच्या महिन्यांत सकाळची पाळी आपण सांभाळावी आणि अण्णांनी अकराच्या सुमारास यावे, अशी वाटणी सुचवतो. करमत नाही हेही दुखणेच आहे, त्यामुळे त्यांना दुकानातून पूर्ण उठवू नये.

‘बेळगावची हवा चांगली आहे’ असे कोणी म्हणाले तर त्यावर फार विसंबू नये. हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांसाठी राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला तेव्हा कर्नाटकातील बेंगळुरू, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी ही शहरे त्यात आली, बेळगाव आले नाही. परंतु शहराची सरासरी आणि एका वळणावरच्या गल्ल्यापाशी मिळणारी हवा या वेगळ्या गोष्टी आहेत. सरासरीच्या मापदंडांतही फरक आहे. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांसाठी आपल्याकडे चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ असावी असे सांगितले आहे.

फिरण्याचे मात्र थांबवू नका, रस्ता बदला. लंडनमध्ये साठीपुढील ११९ जणांवर केलेला एक अभ्यास याच प्रश्नावर होता. त्यांत निरोगी माणसे होती, श्वासरोगाचे रुग्ण होते आणि हृदयरुग्णही होते. सर्वांना दोन तास एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालवले. त्या रस्त्यावर मुख्यतः डिझेलच्या बसगाड्या आणि टॅक्सी धावत. बागेत चालल्यावर फुफ्फुसांची क्षमता सुधारली, धमन्यांचा ताठरपणा कमी झाला आणि तो फायदा बराच काळ टिकला. रस्त्यावर चालल्यावर त्यातला बहुतेक फायदा नाहीसा झाला. हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांच्या धमन्यांवर धुराचा परिणाम कमी दिसला, म्हणून गोळ्यांत खंड नको हे पुन्हा सांगतो. चालताना माणूस बसल्यापेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेतो. महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर घेतलेला हा व्यायाम धुराची मात्राही वाढवतो. हिरण्यकेशीच्या बाजूला शेतातून जाणाऱ्या वाटा आहेत, तिकडे ऊन वर आल्यावर जावे. चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, नेहमीपेक्षा लवकर दम लागणे असे काही झाले तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यावा, आणि डॉक्टरांना दुकानातल्या धुराबद्दल न विसरता सांगावे. आपल्याकडे रुग्णाला विडी-तंबाखू विचारतात, तो दिवसभर कोठे बसतो हे सहसा विचारत नाहीत.